नानाजीबुवांना मोटर समजावताना

देवेंद्रकुमारनं मागं वळून पाहिलं, आणि मोटर ओट्यावर चढली.

मागं पाहण्यासारखं होतं म्हणा. कारंजा सोडल्यापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं हातातलं काम टाकून उभी राहत होती. धनजच्या शिवारात शिरल्यावर तर पोट्टे, कुत्री, दावं तोडून आलेली एक म्हैस आणि गावचा कोतवाल अशी मिरवणूकच मोटरीमागं धावायला लागली. आपल्यामागं कोणी धावतंय म्हटल्यावर माणूस वळून बघणारच. देवेंद्रकुमारच्या मागं आजवर फक्त त्याचे वडील धावले होते, आणि तेही हातात कापड मोजायचा गज घेऊन. तेव्हा तो वळला, त्यानं डोक्यावरची टोपी उचलून मंडळींना हलवून दाखवली, आणि नेमका तिथं रस्ता उजवीकडं वळला. मोटर नाही वळली.

समोर कडुलिंबाखाली मातीचा ओटा होता. गाईच्या कालवडीनं गव्हाणीवर पुढचे पाय ठेवून आत काय आहे ते बघावं, तशी मोटर पुढची दोन चाकं ओट्यावर ठेवून उभी राहिली. ओट्यावर शेंदूर फासलेला एक गोल दगड होता. तो हलला, जरा विचार केल्यासारखा थांबला, मग खाली उतरून गडगडत निघाला. उताराला एक म्हातारी बाई गाठोड्याला टेकून तंबाखू मळत बसली होती. दगड तिच्याकडंच आला. तिनं पाय थोडा बाजूला घेतला, दगडाला जागा करून दिली, आणि तंबाखू तोंडात टाकली.

मागच्या बैठकीवर डोळे मिटून जैनांचा णमोकार मंत्र म्हणत बसलेल्या अंगुरीबाईंनी डोळे उघडले.

"आलं का कामरगाव?" त्यांनी विचारलं.

अंगुरीबाई म्हणजे देवेंद्रकुमारची आत्या. त्याचे वडील लखमीचंदशेट कारंज्याच्या कापडबाजारात कोणाच्या बापाला भीत नसत. पण थोरली बहीण बोलायला लागली की तेच शेट गादीवरून खाली उतरून बसत. अमरावतीच्या एका वकिलाची जुनी मोटर देवेंद्रकुमारनं घरी आणली, तेव्हा शेटना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. पोरगा म्हणत होता, कारंजा ते कामरगाव सर्व्हिस काढतो. शेट म्हणत होते, गादीवर बस आणि खण फाड. शेवटी आत्यानं निवाडा केला. ती म्हणाली, मी कामरगावला लेकीकडं, कंचनबाईकडं जाणारच आहे. माझं एकासन चालू आहे. दिवसातून एकदाच जेवते, तेही सूर्य असताना. त्या दिवशी मी घरून काही खाऊन निघणार नाही. सूर्य बुडायच्या आत पोरानं मला कंचनबाईच्या पाटावर नेऊन बसवलं, तर गाडी राहील. नाही बसवलं, तर मी उपाशी निजेन, आणि सकाळी गाडी जाईल अमरावतीला.

पोराला हे फार सोपं वाटलं होतं. आत्याला वाटेत खायला घालणं शक्यच नव्हतं. चामड्याच्या गादीवर बसून ती पाणीसुद्धा पीत नव्हती. पण तशी गरजच काय, असा त्याचा हिशेब होता. मोटर कारंज्याहून निघाली तेव्हा ऊन डोक्यावर होतं, आणि आता कुठं जरासं कललं होतं. फक्त मोटर ओट्यावर होती.

कोतवाल धापा टाकत आला. दगडाकडं बघितलं, ओट्याकडं बघितलं, आणि हळूच म्हणाला, "गेलं."

"काय गेलं?"

"तुमी."

तेवढ्यात गावचे पोलीस पाटील जगदेव आले. सावकाश माणूस, मिशी आधी आली, मग ते आले. त्यांनी मोटरीला एक चक्कर मारली, पुढं लोंबणारं हँडल दोन्ही हातांनी ओढून काढलं, आणि उपरण्यात गुंडाळून काखेत मारलं. हँडल मारल्याशिवाय मोटर सुरू होत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. बहुतेक त्यांच्या नजरेला मोटरीचा तेवढाच भाग निघण्यासारखा दिसला असावा.

"शेट," ते म्हणाले, "ओटा तं आमी लिपून घेऊ. माती हाय, लिपल्या जाते. पन तुमी नानाजीबुवाले न सांगता वस्तू शिवेत आनली काहून?"

"कोण नानाजीबुवा? ते कुठं राहतात?"

सगळ्या गावानं म्हातारीच्या पायाजवळच्या दगडाकडं बोट दाखवलं.

नानाजीबुवांची हकीकत अशी. वऱ्हाडात निजामाचा आणि भोसल्यांचा असा दुहेरी अंमल होता आणि दोघंही वसुलीपुरतेच उगवत होते, त्या काळात धनजवर पेंढारी आले. गाव रानात पळालं. नानाजी पळाले नाहीत, कारण त्यांचे बैल शिवेवर चरत होते. ते काठी घेऊन शिवेवर उभे राहिले. उजव्या पायाला भाला लागला तरी उभे राहिले. बैल वाचले, नानाजी वाचले नाहीत. तेव्हापासून ते शिव राखतात. ओळखीचं असेल ते आत सोडतात, अनोळखी असेल ते अडवतात. आता त्यांच्यामागून जगात काय काय निघालं, ते त्यांना कसं ठाऊक असणार? म्हणून धनजमध्ये रीत पडली होती, की नवी वस्तू शिवेत आली की ती आधी बुवांना समजावून सांगायची. आगकाडी आली तेव्हा सांगितली. कंदील आला तेव्हा सांगितला. त्याला बुवांनी "दिव्याले काचेत काहून कोंडलं, त्यानं काय केलं" असा जाब विचारला होता. कारंज्याची छोटी आगगाडी गावापासून दूर होती, पण तिची शिटी ऐकू येत असे, म्हणून तिचीही ओळख करून दिली. चहा आला तेव्हा बुवांनी नुसतं ऐकून घेतलं नाही, पिऊन पाहिला. तेव्हापासून ते आले की आधी चहा होतो.

ते येत सोजरबाईच्या अंगात. आणि सोजरबाई म्हणजे तीच, जिनं दगडाला जागा करून दिली होती.

सोजरबाई कामरगावहून लग्न होऊन धनजला आली, तेव्हा तिच्या नाकातली नथ तिच्या तोंडापेक्षा मोठी होती म्हणतात. नवरा रामकिसन भला माणूस, पण त्याचं जे काय बोलणं असायचं ते बैलांशी. सासू बोलायची ती सगळ्यांशी. सोजरबाई कोणाशी बोलायची हे कोणी पाहायलाच गेलं नाही. निंदण, वेचणी, जातं, चूल, या रगाड्यात तिचे पंधरा-वीस उन्हाळे निघून गेले. तेव्हा बुवा तिच्या सासऱ्याच्या अंगात येत. सासरा गेला आणि बुवा येईनासे झाले. गाव मोठ्या पेचात पडलं, कारण त्याच सुमाराला गावात कोणीतरी कपडे शिवायचं यंत्र आणलं होतं आणि ते समजावून सांगायला बुवाच नव्हते. ते यंत्र बिचारं बाभळीच्या झाडाखाली पोत्यात गुंडाळून पडलेलं.

मग एक दिवस निंदताना सोजरबाईनं विळा खाली ठेवला, मोठी जांभई दिली, आणि जाड आवाजात विचारलं, "पेंढारी गेले काय?"

बायांनी विळे टाकून जी धूम ठोकली, त्या गावात येऊनच थांबल्या. पण जुन्या माणसांनी ओळखलं. बुवांचा पहिला प्रश्न नेहमी तोच असे. पेंढारी गेले हे बघायला ते राहिलेच नव्हते ना. ते आले की असतील तेवढ्या माणसांनी मोठ्यानं ओरडून सांगायचं, "गेले, बुवा." मग ते बसत. मोठ्यानं अशासाठी, की ते फार लांबून येतात. इतक्या मागच्या काळात हळू बोललेलं ऐकू जात नाही.

हे बुवा बाईच्या अंगात कसे, असं एकदोघांनी म्हणून पाहिलं. पण त्याला एक बिनतोड पुरावा होता. सोजरबाईचा डावा गुडघा दुखायचा, ती डाव्या पायानं लंगडायची. बुवा आले की तीच बाई उजव्या पायानं लंगडायची. भाल्याचा पाय. गावाचा विषय संपला.

त्यानंतर धनजचं बरंच भलं झालं. विहिरीला कठडा बांधला, तो बुवांनी सांगितला म्हणून. जगदेव पाटलांनी भावाशी अबोला सोडला, तो बुवांनी दोघांना एकाच वाटीत चहा पाजला म्हणून. हीच गोष्ट सोजरबाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितली असती तर "तू गप वं" झालं असतं. तिला कोणी विचारलं, बाई, बुवा असे का म्हणाले, तर ती म्हणे, "मले काय मालूम. मी कुठी राह्यतो तवा." आणि एक गोष्ट मात्र खरी, की बुवांनी इतक्या वर्षांत सोजरबाईसाठी म्हणून कधी काही मागितलं नव्हतं. चहा सोडून. आणि चहा तर सोजरबाईला आवडतच नव्हता. कडू लागतो म्हणायची.

त्या दिवशी ती सकाळपासूनच कडुलिंबाखाली गाठोडं घेऊन बसली होती. कामरगावच्या बाजाराला जाणारी एखादी गाडी मिळते का बघत. तिची बहीण तुळसाबाई कामरगावात, म्हणजे माहेरच्याच गावात दिलेली होती, आणि पोळ्यापासून दोघींची गाठ नव्हती. गुडघ्यामुळं पायी जाणं नव्हतं. जाणाऱ्या गाड्या कापसानं भरलेल्या, वर बसायला जागा नाही. मग मोटर आली.

ऊद जाळला. सोजरबाईनं दगड पदरात घेतला. गावानं गोल धरला. देवेंद्रकुमारनं आत्याकडं बघितलं, आत्यानं सूर्याकडं बघितलं.

सोजरबाईनं जांभई दिली.

"पेंढारी गेले काय?"

"गेले, बुवा," असं सगळं धनज ओरडलं. कडुलिंबावरचे पोपटसुद्धा उडाले. देवेंद्रकुमारही नकळत ओरडला.

"च्या आना."

चहा आला. बुवांनी बशी तोंडाला लावली, आवाज करून संपवली, आणि मग त्यांची नजर ओट्यावर चढलेल्या मोटरीवर गेली.

"हे काय हाय?"

जगदेव पाटलांनी देवेंद्रकुमारला पुढं ढकललं. "सांगा. न जोरानं सांगा."

"मोटर आहे, बुवा," देवेंद्रकुमार ओरडला.

"बैल कुठी हायेत?"

"बैल लागत नाहीत."

"पेंढाऱ्यानं नेले?"

"नाही हो. बैल नव्हतेच मुळी."

बुवा हसले. पोट धरून हसले. ते हसले म्हणून गाव हसलं. "अबे, गाडी केली न बैल इसरला," ते जगदेव पाटलांना म्हणाले. "कोन्या गावचा हाय हा?"

"कारंज्याचा."

"तरीच."

देवेंद्रकुमारला राग आला. कारंज्याचा माणूस धनजमध्ये हरला तर तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. त्यानं अमरावतीच्या मिस्त्रीकडून जे जे ऐकलं होतं ते सगळं आठवलं. "बुवा, ही तेलावर चालते."

"कायच्या? जवसाच्या का करडीच्या?"

"जमिनीतून निघतं ते."

"जमिनीतून तेल निंगते? मंग तेल्यानं घाना कायले फिरवा?"

गर्दीतले तेलीबुवा खोकले. हा प्रश्न त्यांच्याही मनात बरेच दिवस होता.

"ते तेल निराळं असतं. त्याची वाफ होते. तिच्यात ठिणगी पडते. मग आतल्या आत भडका उडतो, आणि त्या भडक्यानं..."

"थांब," बुवा म्हणाले. "इच्या पोटात आग हाय?"

"हो."

"न तू तिच्यावर बुढीले बसवून आनलं."

सगळ्या गावानं अंगुरीबाईंकडं बघितलं. अंगुरीबाई शांतपणे म्हणाल्या, "मलाही हे आत्ताच कळून राह्यलं."

इथं देवेंद्रकुमारनं गप्प बसायला हवं होतं. पण तरुण माणूस, भोवती गाव जमलेलं, आणि मोटर एवढी आवडती. ती नुसती आगीचं मडकं ठरून जावी हे त्याला सोसेना. तो छाती पुढं काढून ओरडला, "बुवा, तुम्हाला कल्पना नाही. हिच्यात वीस घोड्यांची ताकद आहे."

जगदेव पाटलांनी डोळे मिटून घेतले.

बुवा उठले. "घोडे?"

"म्हणजे ताकद..."

"कितीक घोडे?"

"वीस. पण ते..."

"न वर बसनारे कुठी हायेत?" बुवांनी जमिनीवर पडलेलं एक लाकूड उचललं आणि मोटरीभोवती लंगडत फिरायला लागले, उजव्या पायानं. "घोडे इच्या पोटात लपवून आनले. पेंढारीच हाय हा. जगदेव, बैलं आत घे. बायाले रानात काढा."

एकदोन बाया खरंच निघाल्या. देवेंद्रकुमारनं धावत जाऊन मोटरीचं झाकण उघडून दाखवलं. "बघा बुवा, कुठं आहेत घोडे? एकही नाही."

बुवांनी आत डोकावून बघितलं. लोखंड, नळ्या, काळं तेल. ते गंभीर झाले.

"मारले?"

"नाही, नाही. घोडे कधी नव्हतेच. हे माप आहे. घोडा ओढतो ना, त्याच्या वीसपट ओढते."

"मघा बैल नव्हते. आता घोडे नाईत. मंग हाय काय तुह्यापाशी? नुस्तं तोंड?" बुवा जगदेव पाटलांकडं वळले. "जोवर हा खरं सांगत नाई तोवर हे खटलं हलू द्याचं नाई."

पाटलांनी काखेतलं हँडल आणखी घट्ट धरलं. कडुलिंबाची सावली लांब होत होत रस्ता ओलांडून गेली. देवेंद्रकुमारला स्वतःचं उरलेलं आयुष्य स्पष्ट दिसायला लागलं: गादी, गज, खण, आणि समोर भाव पाडून मागणारी गिऱ्हाइकं.

तेव्हा मोटरीचं दार वाजलं. अंगुरीबाई खाली उतरल्या. पदर नीट केला, गर्दीतून वाट काढत बुवांसमोर आल्या, आणि अजिबात न ओरडता बोलायला लागल्या. गावाला आश्चर्य वाटलं, कारण बुवांना ऐकू येत होतं.

"नानाजी, मी याची आत्या. याचं मनावर घेऊ नका. याला कापड धड मोजता येत नाही, घोडे काय मोजणार. मी सांगते. तुमच्या वेळी चूल होती ना?"

"होती न."

"चुलीवर भात ठेवला, तो रटरट करायला लागला, की वरचं झाकण उडते का नाही?"

"उडते."

"खालून कोण उडवते? घोडा?"

बुवा विचारात पडले. "नाई."

"बस, तसंच हे. हिच्या पोटात चार झाकणं हायेत. ती उडतात न चाकाला ढकलतात. एवढंच हाय. बाकी सगळं या पोराचं कौतुक."

"आत्या, ते वाफेचं इंजिन असतं, हिच्यात..." देवेंद्रकुमार म्हणाला.

"तू चूप," आत्या आणि बुवा एकदम म्हणाले.

बुवांनी बराच वेळ मोटरीकडं बघितलं. झाकणाची गोष्ट त्यांना पटल्यासारखी दिसत होती, पण काहीतरी अडत होतं.

"मंग भात कुठी हाय?"

"तेच तर रडणं हाय ना, नानाजी," अंगुरीबाई म्हणाल्या. "भात कामरगावले हाय. माझ्या लेकीनं शिजवून ठेवला असंल. मी सकाळपासून पोटात कण घेतला नाही, न सूर्य बुडाला की आमच्यात घास घेता येत नाही. आता तुम्हीच सांगा, मी काय करू."

गर्दीतल्या बायांनी च्यक् च्यक् केलं. उपाशी बाईमाणूस दारात उभं आहे आणि गाव घोड्यांचा शोध घेत बसलंय, हे सगळ्यांनाच एकदम लाजिरवाणं वाटलं.

बुवा लंगडत मोटरीजवळ गेले. पुढच्या तोंडावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. "इले ताप हाय." त्याच वेळी टोपणाच्या फटीतून सुस्कारा टाकल्यासारखी वाफ निघाली. बुवांनी कान लावला. "अबे, तहानेली हाय हे. पानी आना."

कळशी आली. देवेंद्रकुमारनं फडक्यानं धरून टोपण उघडलं. वाफेचा लोट उठला, पोट्टे ओरडत मागं पळाले आणि लगेच परत आले. पाणी ओतणार तोच अंगुरीबाईंनी हात आडवा घातला.

"गाळून घाल."

"आत्या, मोटरला?"

"मोटर पिऊन राह्यली म्हणून काय झालं? पाण्यातले जीव कोणाच्या पोटात जातील? हिच्याच ना? आणि हिच्यात मी बसणार."

तेव्हा धनजनं हेही पाहिलं. कारंज्याच्या शेटाची बहीण मोटरीच्या तोंडावर स्वच्छ दुपदरी फडकं धरून उभी आहे, जगदेव पाटील कळशी तिरपी करताहेत, आणि मोटर गटगट आवाज करून पाणी पिते आहे. कळशी रिकामी झाली तशी वाफ बसली. आवाज थांबला.

बुवांनी हातातलं लाकूड टाकून दिलं.

"पेंढारी नोहे," त्यांनी निकाल दिला. "पेंढारी पानी मागत नाई, हिसकून घेते. हे बिचारी केवढ्या वेळची थांबून राह्यली, एक शबुद नाई बोलली. हिले जाऊ द्या. न ये-जा करू द्या. पन हाकनाऱ्याची जबान कमी करा."

पुढचं सगळं भराभर झालं. दहा माणसांनी हात लावून मोटर ओट्यावरून खाली घेतली. दगड जागेवर बसला. कोणीतरी मोटरीच्या कपाळाला, म्हणजे जिथं कपाळ असावं असं वाटलं तिथं, शेंदराचं बोट लावलं. तेलीबुवांनी तिच्यावरून लिंबू उतरून टाकलं. पाटलांनी हँडल परत केलं; मात्र ते देवेंद्रकुमारच्या हाती न देता स्वतःच जागेवर बसवलं, उलटं. ते सरळ करण्यात आणखी थोडा सूर्य गेला. मग आता निघायचं, तर बुवा मोटरीच्या दारात.

"पाव्हन्याले शिवेपावतर पोचवा लागते," ते म्हणाले.

ही रीत खरीच होती. पाहुणा निघाला की गावातल्या मोठ्या माणसानं शिवेपर्यंत जायचं. पण बुवांनी मोटरीत बसून जायचं, हे आगळंच होतं.

"बुवा, तुमी? इच्यात?" जगदेव पाटील म्हणाले.

"मंग काय पायी जाऊ? भाला लागला न माह्या पायाले. न या सोजरबाईचं गाठोडं घ्या वरतं. मी इच्यात बसून जाईन न अथी तिचं गाठोडं चोरीले जाईन, मंग माह्या नावानं बोंबलंन."

गाठोडं वर आलं. बुवा चढले. चढताना त्यांनी डावा पाय पायरीवर ठेवला, गुडघ्यावर भार पडला, आणि ते हळूच "माय वं" म्हणाले. हे हँडलापाशी वाकलेल्या देवेंद्रकुमारनं तेवढं ऐकलं.

मोटर सुरू झाली. गावानं कानात बोटं घातली आणि मग काढली. बुवा अंगुरीबाईंच्या शेजारी ताठ बसले होते. सुरुवातीला त्यांनी दोन्ही हातांनी दाराची कड धरली होती. कडुलिंब मागं गेला, विहीर मागं गेली, पाटलांचा गोठा मागं गेला, तसा एक हात सुटला. मग दुसरा सुटला. पदर वाऱ्यावर फडफडायला लागला. रस्त्यानं कापसाची गाडी आली तेव्हा बुवांनी पुढं वाकून रबराचा भोंगा स्वतःच्या हातानं दाबला. तो बोंबलला, बैल बिचकले, आणि बुवा असे काही खदखदून हसले, की गाडीवानही ओरडायचं विसरून हसला.

"अजून दाबू काय?"

"दाबा की," अंगुरीबाई म्हणाल्या. "तुमचीच शिव हाय."

मग बुवांनी भोंगा हातातून सोडलाच नाही. वेचणीच्या बाया दिसल्या, भोंगा. पाखरं हाकायला बाभळीवर बसलेला राखोळ्या दिसला, भोंगा. कोणी दिसलं नाही तरी भोंगा. एका वावराजवळ त्यांनी उभं राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, हाळी दिली, "पेंढारी गेले रे." वावरातला माणूस काही न समजून "बरं झालं" म्हणाला. अंगुरीबाईंना हसू आवरेना. पोटात कण नसताना इतकं हसणं त्यांना झेपत नव्हतं, म्हणून त्या एका हातानं पोट धरून आणि दुसऱ्या हातानं बुवांचा हात धरून हसत होत्या. देवेंद्रकुमारला पुढं बसून सगळं ऐकू येत होतं आणि मागं वळून बघायची मनाई होती. ती आत्यानंच घातली होती.

नाल्याच्या अलीकडं शिवेचा दगड आला. मोटर त्याच्याजवळून गेली. मागून एक मोठी जांभई ऐकू आली, आणि भोंगा थांबला.

थोड्या वेळानं सोजरबाईचा नेहमीचा आवाज आला. "हे कुठी आनलं मले?"

"धनजच्या शिवेच्या पलीकडं," अंगुरीबाईंनी सांगितलं.

"बुवा गेले?"

"शिवेवर उतरले. आम्हाला पोचवायला आले होते."

"मंग मले कोन परत नेते आता?" सोजरबाईनं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं. "जाऊ द्या. आलोच हाव त कामरगावले माही बहीन हाय, तुळसाबाई. दोन रोज राहून येतो."

"गाठोड्यात काय हाय?"

"तिच्यासाठी तिळाचे लाडू, न एक खण."

"बुवा मोठे समजदार माणूस आहेत हो," अंगुरीबाई म्हणाल्या.

"असतीन. मले काय मालूम. मी कुठी होतो तवा."

नाला चढून मोटर वर आली आणि कामरगावच्या चिंचा दिसायला लागल्या. त्यांच्या शेंड्यांवर सूर्य अजून बसलेला होता, लाल आणि निवांत, उतरायची घाई नसल्यासारखा. चुलींचा धूर दिसत होता. कंचनबाईचं घर पहिल्याच गल्लीत होतं.

अंगुरीबाईंनी सूर्याकडं बघितलं, धुराकडं बघितलं, हात जोडले. "देवेंद्र," त्या म्हणाल्या, "लखमीचंदाला सांगेन मी. गाडी राहू दे म्हणून."

देवेंद्रकुमारच्या अंगातून वीसच्या वीस घोडे एकदम दौडत गेले. गादी गेली, गज गेला. आता फक्त एकच गोष्ट त्याच्या पोटात राहिली होती, आणि ती काढल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. मनाई विसरून तो वळला आणि मागच्या बैठकीकडं तोंड करून म्हणाला, "सोजरबाई, रागावू नका, पण खरं सांगा. मोटरीत चढताना दुखत होता तो डावा गुडघा. बुवांचा तर उजवा पाय ना? मग चढलं कोण?"

सोजरबाईनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

"समोर पाह्य, बापा, मांगं पाह्यलं म्हनून त वटा फुटला."